हृदय बंद पडल्यानंतरचे उपचार आणि रक्तस्राव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयसीयूबाहेर बसलेले नातेवाईक, सीपीआर शिकलेली मंडळी आणि नव्याने रुजू झालेल्या परिचारिका यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमच्या रुग्णाचा निर्णय त्याला तपासणारे डॉक्टरच घेतील.

१. हृदय बंद पडलं म्हणजे रक्त फिरायचंच थांबलं. मग रक्तस्राव होतो कसा?

रक्त फिरत नसताना जखम फारशी वाहत नाही, हे खरं. अडचण सुरू होते ती रक्ताभिसरण परत आल्यावर. छातीवर दाब देताना झालेली इजा, घाईत टोचलेल्या सुया, घशात घातलेली नळी या सगळ्या जागांना अचानक रक्तदाब मिळतो आणि तोवर गप्प असलेली जखम वाहू लागते.

दुसरं कारण खुद्द रक्तात आहे. काही मिनिटं ऑक्सिजन मिळाला नाही की रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर दुखावतं. शरीराला वाटतं सगळीकडेच जखम झाली आहे, आणि ठिकठिकाणी बारीक गुठळ्या धरू लागतात. त्यात प्लेटलेट आणि रक्त गोठवणारी प्रथिनं खर्ची पडतात. त्याच वेळी गुठळ्या विरघळवणारी यंत्रणाही जोरात चालू होते. भरीला रक्तातलं आम्ल वाढलेलं, अंग गार पडलेलं, कॅल्शियम उतरलेलं. त्यामुळे एकाच माणसाच्या शरीरात एकीकडे गुठळ्या होत असतात आणि दुसरीकडे रक्त थांबत नसतं. पुढच्या बहुतेक उत्तरांचं मूळ इथेच आहे.

२. सीपीआर देताना ‘कट’ असा आवाज आला. बरगडी मोडली असेल तर थांबू का?

थांबू नका. हाताची जागा तेवढी तपासा: तळहात छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर हवा, पण त्या हाडाच्या अगदी टोकावर नको, आणि बाजूच्या बरगड्यांवरही नको. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटीमीटर खाली जायला हवी आणि वेग मिनिटाला १०० ते १२० दाबांचा. इतक्या जोराने दाबल्यावर बरगड्या आणि त्यांना जोडणारी कूर्चा तडकणं नेहमीचं आहे, वयस्कर माणसांत तर फारच. आवाजाला घाबरून दाब हलके केले की मेंदूला रक्त पोचत नाही, आणि ते नुकसान भरून येत नाही. बरगडी जुळते.

३. आतल्या कुठल्या अवयवांना इजा होऊ शकते?

सर्वांत जास्त बरगड्या आणि छातीचं मधलं हाड. मोडलेल्या बरगडीच्या टोकाने तिच्या खालून जाणारी धमनी फाटली तर फुप्फुसाभोवती रक्त साठतं. हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साचू शकतं. ते थोडं असलं तरी हृदय आवळलं जातं. पोटात यकृताला, विशेषतः त्याच्या डाव्या भागाला, चीर जाऊ शकते. प्लीहेची इजा क्वचित.

यातली पुष्कळ इजा सुरुवातीला लक्षातच येत नाही. मग हेपारिन (रक्त गोठू न देणारं इंजेक्शन) सुरू होतं आणि दोन-चार तासांनी हिमोग्लोबिन घसरतं. म्हणून रक्ताभिसरण परत आल्यावर खाटेवरच छाती-पोटाची सोनोग्राफी करतात आणि रुग्ण हलवण्याजोगा असेल तर सीटी स्कॅन. पहिली सोनोग्राफी स्वच्छ निघाली म्हणून निर्धास्त राहायचं नसतं. ती काही तासांनी पुन्हा केलेली बरी.

४. बाबांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. त्यांना सीपीआर द्यायचा की नाही?

द्यायचा, आणि इतर कुणालाही द्याल तसाच. गोळ्यांमुळे आत रक्त साचण्याचा धोका वाढतो, पण ती पुढची गोष्ट. रुग्णवाहिका आल्यावर मात्र दोन गोष्टी नक्की सांगा: गोळीचं नाव आणि शेवटची गोळी कधी घेतली ती वेळ. गोळ्यांचं पाकीटच हातात दिलंत तर उत्तम.

ही माहिती का लागते? वॉरफरिनचा परिणाम तातडीने उलटवायला रक्त गोठवणाऱ्या घटकांचं इंजेक्शन असतं. व्हिटॅमिन के सोबत देतात, पण त्याला काही तास लागतात. डॅबिगॅट्रनवर इडारुसिझुमॅब हा खास उतारा आहे. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेलला असा थेट उतारा नाही. आणि उतारा उपलब्ध आहे म्हणून लगेच दिला जात नाही. ज्या गुठळीपायी हृदय बंद पडलं तिलाच त्याने बळ मिळू शकतं. रक्त जातंय हे दिसलं तरच तो वापरतात.

५. छातीवर दाब देणाऱ्या मशीनने जास्त इजा होते का?

थोडी जास्त होऊ शकते, विशेषतः पट्टा किंवा दट्ट्या जागेवरून खाली सरकला तर. पण चालत्या रुग्णवाहिकेत किंवा कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफीच्या खोलीत) हाताने नीट दाब देणं जवळजवळ अशक्य असतं, तिथे मशीनला पर्याय नाही. दट्ट्याच्या जागी त्वचेवर पेनने खूण करतात ती याचसाठी: सरकला तर लगेच दिसावं.

६. एक्मो लावल्यावर रक्तस्रावाचं एवढं भय का घालतात?

एक्मो म्हणजे शरीराबाहेरचं हृदय आणि फुप्फुस. जांघेतल्या शिरेतून रक्त बाहेर येतं, पंपाने ऑक्सिजनेटरमधून (रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या भागातून) जातं आणि जांघेतल्याच धमनीतून परत आत ढकललं जातं. मिनिटाला साधारण ३ ते ५ लिटर. शिरेतली नळी बहुधा २१ ते २५ फ्रेंच मापाची असते आणि धमनीतली १५ ते १९. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर, म्हणजे शिरेत सात-आठ मिलिमीटर जाडीची नळी. सलाइनची सुई तिच्यासमोर काहीच नाही.

ही नळी अनेकदा छातीवर दाब चालू असतानाच घालावी लागते. अंग प्रत्येक दाबाला हलतंय, नाडी लागत नाही. एरवी धमनीचं रक्त लालभडक आणि शिरेचं काळपट म्हणून फरक कळतो, पण इथे दोन्ही सारखीच काळपट. नळीच्या आधी आत सरकवलेल्या तारेची जागा सोनोग्राफीवर पाहिल्याशिवाय नळी घालणं म्हणजे अंधारात तीर मारणं. सुई धमनीच्या मागच्या भिंतीतून आरपार गेली किंवा जांघेच्या रेषेच्या वर टोचली गेली, तर रक्त पोटाच्या मागच्या पोकळीत उतरतं. तिथे बाहेरून दाबून ते थांबवता येत नाही.

यात आणखी भर: हेपारिन (प्रश्न ७), पंपातून जाताना रक्ताची होणारी झीज (प्रश्न ८), आणि स्टेंट घातला असेल तर ॲस्पिरिनसोबत दुसरं प्लेटलेटविरोधी औषध. एकेकटं यातलं काहीही झेपतं. सगळं एकाच दिवशी एकाच माणसावर येतं.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राग चाचणीत, दाब चालू ठेवतच रुग्णालयात नेऊन गरज पडल्यास एक्मो लावायचा अशी योजना असलेल्या गटात ३१ टक्के रुग्णांना रक्तस्राव झाला. नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात १५ टक्के. भय घालतात असं वाटतं, पण डॉक्टर हाच आकडा वेगळ्या शब्दांत सांगत असतात.

७. एवढं रक्त जातंय, तर मग हेपारिन देतातच कशाला?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि रागानेही येतो. हेपारिन पूर्ण बंद केलं तर तीन ठिकाणी गुठळी धरू शकते. एक, ऑक्सिजनेटरमध्ये, तो बंद पडला की मशीनच बंद. दोन, हृदयाच्या डाव्या कप्प्यात. हृदय इतकं दुबळं असतं की महाधमनीची झडप उघडत नाही, आत रक्त साकळतं आणि तिथली गुठळी सुटली की थेट मेंदूत. तीन, नुकत्याच घातलेल्या स्टेंटमध्ये.

म्हणून ‘द्यायचं की नाही’ असा सरळ प्रश्न नसतो. किती आणि कधी, हे दर काही तासांनी ठरतं. रक्तस्राव नसेल तर बऱ्याच ठिकाणी खाटेजवळ मोजली जाणारी गोठण्याची वेळ १८० ते २२० सेकंद किंवा अँटी-टेन-ए (हेपारिनचा असर मोजणारी) पातळी ०.३ ते ०.७ ठेवतात. रक्त जात असेल तर ती उतरवतात, किंवा हेपारिन काही तास, प्रसंगी त्याहून जास्त वेळ थांबवतात. हल्लीच्या नळ्यांना आतून लेप असतो, आणि पंपाचा प्रवाह चांगला असला तर मशीन तेवढा वेळ निभावून नेतं. हेपारिनचा असर दीड-दोन तासांत निम्म्याहून खाली येतो, त्यामुळे नुसतं थांबवूनही काम होतं. त्याचा उतारा प्रोटामिन, पण मशीन चालू असताना तो हात राखूनच देतात, कारण मशीन आणि त्याच्या नळ्यांतलं सगळं रक्त एकदम गोठू शकतं.

रात्री आयसीयूत डोकावलात तर परिचारिका टॉर्च घेऊन ऑक्सिजनेटर न्याहाळताना दिसेल. कोपऱ्यात काळा ठिपका म्हणजे गुठळी, नळीच्या सांध्यापाशी पांढरा धागा म्हणजे फायब्रिन, गुठळीचं जाळं विणणारं प्रथिन. कालच्यापेक्षा ठिपके वाढलेत का, यावर हेपारिनचा पुढचा निर्णय बराचसा अवलंबून असतो. रिपोर्टपेक्षा ही नजर कधी कधी आधी इशारा देते, असं माझं मत आहे.

८. प्लेटलेटचा आकडा चांगला आहे म्हणतात, तरी रक्त का थांबत नाही?

आकडा म्हणजे नुसती हजेरी. काम किती होतंय ते त्यातून कळत नाही. प्लेटलेट जखमेला चिकटायला व्हॉन विलेब्रँड नावाचं लांबलचक प्रथिन लागतं. पंपाच्या वेगात त्याच्या सर्वांत लांब साखळ्या तुटतात आणि नेमक्या त्याच जास्त उपयोगाच्या असतात. एक्मो लावल्यावर काही तासांतच हा दोष तयार होतो आणि मशीन काढल्यावर साधारण दिवसभरात ओसरतो.

तोवर पंपाचा वेग शक्य तितका कमी ठेवतात, गरज पडली तर ते प्रथिन असलेलं इंजेक्शन देतात. ॲस्पिरिन किंवा टिकाग्रेलॉर पोटात गेलेलं असेल तर प्लेटलेट आधीच लंगड्या असतात. नेमकी उणीव कशात आहे ते पाहायला टीईजी किंवा रोटेम ही खाटेजवळची तपासणी करतात. गुठळी किती वेळात धरते, किती घट्ट होते आणि विरघळतेय का, हे तिच्या आलेखात दिसतं.

९. रुग्णाला थंड ठेवलंय. त्याने रक्तस्राव वाढतो का?

अंग ३५ अंशांखाली गेलं की प्लेटलेट मंदावतात, आणखी खाली गेल्यावर रक्त गोठवणारी प्रथिनंही. ३३ अंशांवर मुद्दाम ठेवलेल्या रुग्णांत हा परिणाम बेताचा असतो. २०२१ च्या टीटीएम-२ चाचणीत रक्तस्रावात ठळक फरक दिसला नाही. पण ३३ अंशांवर ठेवून जीव वाचण्याचं प्रमाणही वाढलं नाही, त्यामुळे आता पुष्कळ ठिकाणी ताप येऊ न देण्यावर, म्हणजे ३७.५ च्या आत ठेवण्यावर, भर असतो. रक्त वाहत असेल तर मुद्दाम थंड करण्याचा हट्ट धरू नये.

नव्या सहकाऱ्यांसाठी एक: प्रयोगशाळा नमुना ३७ अंशांवर तपासते. गार रुग्णाचा रिपोर्ट त्यामुळे प्रत्यक्षापेक्षा चांगला दिसतो.

१०. रुग्ण बेशुद्ध आहे, ‘दुखतंय’ म्हणू शकत नाही. आत रक्त जातंय हे कळतं कसं?

एक्मोवर पहिला इशारा बऱ्याचदा नळ्याच देतात. शिरेतून रक्त ओढायला पुरेसं उरलं नाही की शिरेची भिंत नळीच्या तोंडावर चिकटते-सुटते, आणि खाटेच्या कडेची जाड नळी थरथरू लागते. हात ठेवला तर जाणवतं. पंपाचा वेग तोच, पण प्रवाहाचा आकडा वर-खाली होतो.

सलाइन दिलं की थरथर थांबते. इथेच फसगत होते. दुसऱ्यांदा सलाइन लागलं तर रक्त कुठे जातंय हे शोधायलाच हवं. नळी दुमडणं, रुग्णाचं खोकणं, फुप्फुसाभोवती हवा साठणं किंवा हृदयाभोवती रक्त साचणं यानेही नळी थरथरते. हृदयाभोवतीच्या रक्तात शिरेतला दाब चढतो, नुसत्या रक्तस्रावात तो उतरतो.

बाकीच्या खुणा: हिमोग्लोबिन घसरत जाणं, लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडल्यावर रक्तात वाढणारं आम्ल) पुन्हा चढणं, पोट घट्ट होणं, कुशीवर किंवा पाठीच्या खालच्या बाजूला निळसर डाग, श्वासनळीतून लाल फेस, आणि एका डोळ्यातली बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी होणं. शेवटच्या खुणेला सीटी तातडीचा.

११. जांघेच्या पट्टीवर सतत लाल डाग येतोय. काळजीचं आहे का?

दिसणारं रक्त हे त्यातल्या त्यात बरं. त्यावर दाब देता येतो, टाका घालता येतो. पट्टीवरच्या डागाची कड पेनने आखून ठेवतात आणि तासाभराने पाहतात. दाब मात्र बेताने, कारण त्याच पायाला रक्त पोचवणारी एक बारीक नळी तिथूनच खाली गेलेली असते. पाय गार किंवा पांढरा पडत असेल तर ते रक्तस्रावाइतकंच तातडीचं आहे.

१२. हृदयाचा झटका आहे म्हणता, मग आधी डोक्याचा सीटी कशाला? वेळ नाही का जात?

जातो, म्हणूनच तो सगळ्यांना आधी करत नाहीत. पण मेंदूभोवती रक्तस्राव झाल्यानेही हृदय बंद पडू शकतं, आणि तेव्हाचा ईसीजी हुबेहूब हृदयविकाराच्या झटक्यासारखा दिसू शकतो. अशा माणसाला हेपारिन आणि ॲस्पिरिन देणं म्हणजे आगीत तेल.

कोसळण्याआधी भयंकर डोकं दुखल्याचं, उलटी किंवा फिट आल्याचं कुणी पाहिलं असेल तर सीटी आधी. छातीत दुखत होतं, हृदयाची लय विजेचा शॉक देण्याजोगी होती आणि ईसीजी स्पष्ट असेल तर कॅथलॅब आधी. म्हणून ‘शेवटचं काय बोलला’ हे आम्ही नातेवाइकांना खोदून विचारतो.

एक्मोवर असताना मेंदूत रक्तस्राव झाला तर हेपारिन थांबवतात आणि प्लेटलेट बहुधा एक लाखाच्या वर ठेवायचा प्रयत्न करतात. रक्तस्राव मोठा असेल तर शस्त्रक्रियेचा उपयोग क्वचितच होतो.

१३. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सीपीआर चालू असतानाच का देत नाहीत?

देऊन पाहिलं आहे. २००८ च्या ट्रॉयका चाचणीत हृदय बंद पडलेल्या हजाराहून अधिक रुग्णांत टेनेक्टेप्लेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची तुलना प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या इंजेक्शनशी केली. जगण्यात फरक पडला नाही; मेंदूतला रक्तस्राव मात्र २.७ टक्के विरुद्ध ०.४ टक्के. त्यामुळे सरसकट देत नाहीत.

अपवाद फुप्फुसाच्या धमनीत अडकलेल्या मोठ्या गुठळीचा. तशी खात्री किंवा दाट शंका असेल तर हे इंजेक्शन देतात, आणि ते दिलं की दाब ६० ते ९० मिनिटं चालू ठेवायची तयारी हवी. चालू सीपीआर ही त्याला आडकाठी नाही. त्यानंतर एक्मोही लावता येतो, पण टोचलेली प्रत्येक जागा वाहणार हे धरूनच.

१४. हिमोग्लोबिन ८ आहे, तरी रक्त चढवत नाहीत. का?

रक्त जात नसेल आणि ऑक्सिजन नीट पोचत असेल तर पुष्कळ ठिकाणी ७ ते ८ पर्यंत थांबतात, कारण प्रत्येक पिशवीचे स्वतःचे तोटे आहेत. रक्त वाहत असेल तर हे गणित लागू नाही. तेव्हा प्लेटलेट ५० हजारांच्या वर आणि फायब्रिनोजेन (ज्यापासून फायब्रिन बनतं ते प्रथिन) डेसिलिटरमागे १५० ते २०० मिलिग्रॅमच्या वर ठेवायचा प्रयत्न होतो. पिशवीतलं रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या सायट्रेटने कॅल्शियम उतरतं आणि कॅल्शियमविना रक्त गोठत नाही, म्हणून भराभर रक्त चढवताना कॅल्शियमही द्यावं लागतं.

१५. एक्मोवर असताना पाळी आली तर?

जास्त जाऊ शकते, कधी रक्त चढवण्याइतकी. हार्मोनच्या औषधांनी ती थांबवता येते. शेवटची पाळी कधी आली हे सांगायला संकोच करू नका; गरोदरपणाची शक्यता पाहायलाही ते उपयोगी पडतं.

१६. प्लेटलेट एकदम घसरल्या आणि डॉक्टर म्हणतात रक्तस्राव नाही, गुठळ्यांचाच धोका आहे. हे उलटं कसं?

हेपारिनची ही विचित्र प्रतिक्रिया. शरीर हेपारिनविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, ती प्लेटलेटना चेतवतात, आणि त्या गुठळ्यांत संपून जातात. बहुधा हेपारिन सुरू झाल्यापासून ५ ते १० दिवसांत होतं; मागच्या तीनेक महिन्यांत हेपारिन मिळालं असेल तर एका दिवसातही. पहिल्या दोन दिवसांतली घसरण बहुतेक वेळा हृदय बंद पडल्याने आणि मशीनमुळे असते.

खरंच ती प्रतिक्रिया असेल तर हेपारिन पूर्ण बंद, नळी धुण्याच्या सलाइनमधलंसुद्धा. त्याऐवजी बायव्हॅलिरुडिन किंवा अर्गाट्रोबॅन. या दोन्हींना उतारा नाही. थांबवायचं आणि वाट पाहायची.

१७. रक्तस्रावाच्या भीतीने एक्मो नाकारतात का?

काही वेळा, आणि ते बरोबरच असतं: मेंदूत ताजा रक्तस्राव, महाधमनीचं अस्तर फाटलेलं, आतून न थांबणारं रक्त. नुसता रक्तस्रावाचा धोका आहे म्हणून मात्र नाही. दाब देऊन, शॉक देऊन हृदय सुरू होत नाही अशा माणसापुढे दुसरा रस्ता उरलेला नसतो.

फायदा किती, यावर चाचण्यांचं एकमत नाही. मिनियापोलिसमधल्या ॲरेस्ट चाचणीत (२०२०) एक्मोच्या गटातले ४३ टक्के घरी गेले, दुसऱ्या गटातले ७ टक्के. पण एकूण रुग्ण ३० च होते. नेदरलँड्समधल्या इन्सेप्शन चाचणीत (२०२३) मेंदू शाबूत राहून जगलेले एक्मोच्या गटात २० आणि दुसऱ्या गटात १६ टक्के, म्हणजे ठोस फरक नाही. माझ्या मते अनुभवी चमू आणि कोसळल्यापासून गेलेली मिनिटं हे निकाल ठरवतात. सराव नसलेल्या ठिकाणी ही नळी घालणं हाच रक्तस्रावाचा सर्वांत मोठा धोका.

१८. मशीन काढलं की धोका संपला ना?

व्हॉन विलेब्रँडचा दोष ओसरतो, हेपारिन कमी होतं, तेवढा दिलासा. पण नळी काढताना धमनीचं छिद्र शस्त्रक्रियेने किंवा खास टाक्याच्या उपकरणाने बंद करावं लागतं, आणि पहिल्या दिवसात ते पुन्हा वाहू शकतं. जांघेत ठोके जाणवणारी गाठ आली तर धमनीला फुगा आला असू शकतो, सोनोग्राफीत कळतं. दुसरीकडे, जिथे जाड नळी होती त्या शिरेत गुठळी होणं बरंच आढळतं. पाय सुजला तर तपासणी करतात, आणि गुठळी निघाली तर रक्त पातळ करणारं औषध पुन्हा सुरू होतं.

घरी गेल्यावर स्टेंटच्या दोन गोळ्यांपैकी एकही स्वतःच्या मनाने बंद करू नका, हिरड्यांतून थोडं रक्त आलं तरी. काळी, डांबरासारखी शौच, थांबत नसलेलं नाकाचं रक्त किंवा अचानक भोवळ यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी रुग्णालयात या, आणि गोळ्यांचं पाकीट सोबत आणा.